उजेडाची पेटी: जेट लॅगवर उपयोगी, पण पत्रकात छापलेल्या वेळी नव्हे

दहा हजार लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) उजेड देणारी, वहीच्या आकाराची एक पेटी गेल्या दीड वर्षात माझ्या वापरात आली. माझी मुलगी इंग्लंडमध्ये स्विंडन येथे राहते. त्या गावात गोव्यातील इतकी कुटुंबे स्थायिक झाली आहेत की आमच्या फोंडा तालुक्यात स्विंडनचे नाव म्हापसा किंवा मडगावइतक्या सहजतेने घेतले जाते. मुलीकडे वर्षातून एक-दोन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीनंतर आठ-दहा दिवस झोपेचे गणित बिघडलेले असते. लांबच्या विमानप्रवासानंतरच्या या बिघाडावरचा, म्हणजे जेट लॅगवरचा, उपाय म्हणून या पेटीची जाहिरात होते, म्हणून मी ती घेतली. आतापर्यंत परतीच्या दोन प्रवासांत आणि जाण्याच्या एका प्रवासात ती वापरून झाली आहे. मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे वस्तूबरोबर आलेल्या दाव्यावर विश्वास ठेवण्याआधी तो पडताळून पाहण्याची मला सवय आहे. पहिल्या वेळी मात्र मी ती पाळली नाही. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या दोषाबद्दल मला लिहायचे आहे तो माझ्या पाहण्यात आलेल्या आणखी दोन पेट्यांच्या पत्रकांतही तसाच होता.

प्रथम वस्तूविषयी. किंमत चार हजार दोनशे रुपये. समोर दुधी रंगाचा सपाट पडदा, त्यामागे पांढरे एलईडी दिवे, उजेडाच्या तीन पायऱ्या, दहा मिनिटांपासून एक तासापर्यंत वेळ लावण्याची सोय आणि मागे दुमडता येणारा धातूचा पाय. वजन अर्ध्या किलोच्या आसपास असल्यामुळे ती बॅगेत सहज मावते. तासभर चालू राहिली तरी हाताला फारशी गरम लागत नाही. अतिनील किरण रोखलेले आहेत असे खोक्यावर छापले आहे, आणि अशी पेटी घेताना ही नोंद पाहिलीच पाहिजे. बनावटीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबतच्या चार पानी पत्रकातील एका वाक्याबद्दल: ‘जेट लॅगसाठी रोज सकाळी उठल्याबरोबर तीस मिनिटे वापरा.’

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी आम्ही स्विंडनहून परतलो. हिवाळ्यात इंग्लंडची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. पेटी भाच्याने आधीच मागवून ठेवली होती. दुसऱ्या दिवसापासून मी गजर लावून पहाटे सहाला उठू लागले आणि पत्रकात सांगितल्याप्रमाणे स्वयंपाकघरातील मेजावर पेटी मांडून तिच्यासमोर अर्धा तास बसू लागले. अर्धा तास झाला की डोळे असे मिटत की बसवत नसे. मग खोलीचे पडदे ओढून मी झोपत असे ती थेट अकरा वाजता उठे. रात्री तीन वाजेपर्यंत टक्क जाग, मध्यरात्री जेवणाच्या वेळेसारखी सणसणीत भूक आणि दुपारी ताटावर बसले की अन्नाची इच्छाच नाही, असे दिवस चालले होते. माघातील जत्रेला सगळे घर गेले तेव्हा मी पहाटे चारला झोपून अंथरुणातच होते. या जत्रेची पालखी चुकल्याचे मला लहानपणापासून आठवत नाही, म्हणून ती हुरहुर अजूनही मनात आहे. पूर्वी पेटी नसताना सातव्या-आठव्या दिवशी झोप रुळावर येत असे. या वेळी अकरा दिवस लागले. यंत्राने काहीच परिणाम केला नसता तर मी ते कपाटात ठेवून विसरून गेले असते. पण परिणाम झाला होता आणि तो उलट्या दिशेने झाला होता, म्हणून मी पुन्हा पुस्तके काढून बसले.

चिंचेची पाने संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात, हे आपल्याकडे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. अलेक्झांडरच्या मोहिमेतील अँड्रोस्थेनीस याने आजच्या बहरीन बेटावर चिंचेच्या पानांची हीच हालचाल पाहून तिची नोंद केली होती, आणि त्याला आता तेवीस शतके होऊन गेली. ही हालचाल सूर्यामुळे होते, असे पाहणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. पुढे 1729 मध्ये फ्रान्समधील द मेरान याने लाजाळूचे रोप अंधारात ठेवून पाहिले, तेव्हा उजेड नसतानाही पाने ठरल्या वेळी उघडत-मिटत राहिली. याचा अर्थ घड्याळ रोपाच्या आतच होते. हा प्रयोग मी नववीच्या वर्गात बऱ्याच वेळा करवून घेतला आहे. कुंपणाजवळचे लाजाळूचे रोप कुंडीत लावून आम्ही ते प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवत असू आणि मुले दर दोन तासांनी बारीक लाल दिवा घेऊन पाने पाहत. पहिले दोन दिवस पाने अगदी चोख वागत आणि नंतर हळूहळू बाहेरच्या दिवसापासून सरकू लागत. जेट लॅग समजण्यासाठी हे सरकणे फार महत्त्वाचे आहे. आतले घड्याळ असते खरे, पण ते नेमके चोवीस तासांचे नसते, आणि बाहेरच्या दिवसाशी त्याला रोज जुळवून घ्यावे लागते.

माणसात हे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी असते. दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतू जिथे एकमेकांना छेदतात त्याच्या अगदी वर सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याला सुप्राकायॅझमॅटिक न्यूक्लियस असे लांबलचक नाव आहे. त्या पेशींमध्ये काही विशिष्ट प्रथिने तयार होतात, साठतात, स्वतःचीच निर्मिती थांबवतात आणि मग झिजून जातात; या चक्राला साधारण एक दिवस लागतो. फळमाशीत या चक्राची जनुकीय यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातही मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. माणसाच्या घड्याळाचा फेरा सरासरी चोवीस तास आणि वर दहा-अकरा मिनिटे इतका असतो. आपले घड्याळ स्वभावतःच थोडे मागे पडणारे असल्यामुळे त्याला आणखी मागे ढकलणे सोपे जाते, पुढे ओढणे कठीण जाते. पश्चिमेकडे गेल्यावर त्रास कमी आणि गोव्याला परतल्यावर जास्त, असे जे सगळे प्रवासी सांगतात, त्याचे कारण हेच.

या घड्याळाला बाहेरची वेळ कळते ती मुख्यतः उजेडातून. डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठी असलेल्या पेशींखेरीज मेलानॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्यांचे मुख्य काम चित्र उमटवणे हे नसून उजेड किती आहे याची खबर घड्याळाला देणे हे आहे. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात, म्हणून पेटीचा उजेड दुपारच्या आकाशासारखा पांढराशुभ्र असतो, समईसारखा पिवळा नसतो.

येथपर्यंतचे सगळे पत्रकातही थोडक्यात दिलेले आहे. जे दिलेले नाही ते असे की एकच उजेड घड्याळाला कधी पुढे नेतो, तर कधी मागे. रात्रीच्या झोपेत शरीराचे तापमान हळूहळू उतरत जाते आणि नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास ते सर्वांत खाली येते. सातला उठणाऱ्या माणसात हा क्षण साधारण साडेचारचा धरता येतो. या क्षणानंतरच्या काही तासांत डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळाला पुढे सरकवतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप आणि जाग दोन्ही लवकर येतात. त्या क्षणाआधीच्या काही तासांत पडलेला उजेड नेमके उलटे करतो. मेंदूच्या लेखी तो लांबलेल्या संध्याकाळचा उजेड असतो. क्षण एकच, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन विरुद्ध परिणाम. विमानातून उतरलेल्या माणसाचा हा क्षण मात्र निघालेल्या गावाच्या वेळेवरच असतो, भिंतीवरच्या घड्याळाशी त्याचा अजून काही संबंध नसतो.

आता जानेवारीतील माझी चूक कागदावर मांडून पाहा. स्विंडनमध्ये मी सातला उठत होते, म्हणजे माझा तापमानाचा तळ तिथल्या साडेचारला, अर्थात गोव्यातील सकाळच्या दहाला. मी पेटीसमोर बसत होते पहाटे सहाला. माझ्या शरीराच्या दृष्टीने तेव्हा रात्रीचा साडेबारा वाजलेला होता. ज्या घड्याळाला साडेपाच तास पुढे यायचे होते, त्याला मी रोज अर्धा तास ऐन मध्यरात्री प्रखर उजेड दाखवून मागे ढकलत होते. त्यावर कळस म्हणजे दहानंतरचा जो उजेड खरोखर उपयोगी पडला असता, तो मी पडदे ओढून झोपेत घालवत होते. पत्रकातील ‘सकाळी’ हा शब्द घरी राहणाऱ्या माणसासाठी बरोबर आहे. पण ज्याच्यासाठी पेटी विकली जाते त्या प्रवाशाची सकाळ कोणत्या गावाची, हे त्यात कुठेही म्हटलेले नाही. चार हजार रुपयांच्या वस्तूबरोबर एवढे एक कोष्टक छापून देणे कंपनीला मुळीच जड नव्हते.

दुसरी परत येण्याची वेळ ऑगस्टमध्ये होती. चतुर्थी तीन आठवड्यांवर आलेली, घराची साफसफाई, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) सामानाची जमवाजमव आणि येणारे-जाणारे, असे असताना दहा दिवस झोपाळू राहणे परवडणारे नव्हते. उन्हाळ्यात इंग्लंडची घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, म्हणून फरक साडेचार तासांचा. माझा तळ गोव्यातील सकाळच्या नऊला. विमानतळावरून फोंड्याला येताना वाटेतच उजाडले, तेव्हा मी गाडीत काळा चष्मा घालून बसले. घरी आल्यावर साडेनऊपर्यंत अंधाऱ्या खोलीत विश्रांती घेतली आणि साडेनऊ ते बारा उजेडात राहिले. पाऊस उघडला की अंगणात, कोसळू लागला की पेटीसमोर. दुसऱ्या दिवशी ही वेळ साडेआठपासून, तिसऱ्या दिवशी साडेसातपासून आणि चौथ्या दिवशी साडेसहापासून. संध्याकाळी सातनंतर घरात एकच मंद दिवा, आणि जेवण पहिल्या दिवसापासून इथल्या वेळेला, भूक असो वा नसो. यकृताचे आणि आतड्यांचे स्वतःचे घड्याळ असते आणि ते बरेचसे जेवणाच्या वेळेवर चालते, म्हणून मध्यरात्री भूक लागली तरी मी फक्त पाणी प्यायले आणि सकाळी अकराला गरम पेज घेतली. चौथ्या रात्री पावणेअकराला मला आपोआप झोप लागली आणि सकाळी सहाला जाग आली. पूर्वेकडे येताना शरीर दिवसाला साधारण एक तास पुढे येते असे मानले जाते, त्या हिशेबात हे अगदी बसते. चमत्कार मुळीच झाला नाही. शरीराला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला, आणि वाटेत त्याला उलटे ढकलले गेले नाही, एवढेच.

माझ्या यजमानांनी, म्हणजे पतीने, यातले काही केले नाही. त्यांना नववा दिवस उजाडावा लागला. एकाच घरातील दोन माणसांची ही तुलना म्हणजे प्रयोग नव्हे, हे मला माहीत आहे. शिवाय त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे, आणि वयानुसार पिवळसर झालेल्या भिंगातून निळा उजेड कमी आत जातो, हाही फरक धरायला हवा.

पेटीच्या उजेडाबद्दल आणखी एक गोष्ट मी मोजून पाहिली. शाळेच्या प्रयोगशाळेतून उजेड मोजण्याचे यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणले. पेटीपासून पंधरा सेंटीमीटरवर दहा हजारांच्या थोडे वर आकडे आले, म्हणजे दावा खोटा नाही. पण पंधरा सेंटीमीटर म्हणजे वीतभरही नव्हे. इतक्या जवळ तोंड नेऊन अर्धा तास कोण बसणार? वर्तमानपत्र वाचत बसावे इतक्या, म्हणजे तीस सेंटीमीटर अंतरावर आकडा तीन हजार नऊशेवर उतरला, आणि अर्ध्या मीटरवर, जिथे बहुतेक माणसे प्रत्यक्षात पेटी ठेवतील, तिथे केवळ दीड हजार राहिला. अंतराचा उल्लेख खोक्याच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरांत आहे की मला तो भिंगातून वाचावा लागला. अंतर वाढले की वेळही वाढवावा लागतो, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावे.

मग तेच यंत्र घेऊन मी घरभर फिरले. बैठकीच्या खोलीत ट्यूबलाइटखाली एकशे चाळीस लक्स. ओसरीवर, बाहेर पाऊस पडत असताना, अकराशे. अंगणात तुळशीवृंदावनाजवळ छत्री बाजूला करून सकाळी दहाला, आभाळ गच्च भरलेले असताना, साडेसहा हजार. दुपारी ढग थोडे विरळ झाले तेव्हा अठरा हजार. पुढे ऑक्टोबरमध्ये स्वच्छ ऊन पडल्यावर ऐंशी हजारांच्याही पुढे. आपल्या डोळ्यांना खोली आणि ओसरी यांत फारसा फरक जाणवत नाही, कारण डोळे चटकन जुळवून घेतात. पण घड्याळाला उजेड कळवणाऱ्या पेशी फसत नाहीत. ज्या वेळी सूर्य वर आहे, त्या वेळी गोव्यात ही पेटी घेऊन घरात बसण्यापेक्षा खुर्ची उचलून अंगणात ठेवणे केव्हाही चांगले, अगदी श्रावणातसुद्धा. (उन्हाकडे किंवा पेटीकडे टक लावून पाहायचे नसते; उजेड समोरून येत असला की पुरे.) शिवाय पावसाळ्यात वीज गेली की पेटी बंद पडते, आणि नेमक्या त्या दिवसांतच तिची गरज वाटते.

मग ही पेटी घ्यावीच का? माझे उत्तर असे की ती मुख्यतः पश्चिमेकडे जाताना घ्यावी, आणि जायचे हिवाळ्यात असेल तर नक्की घ्यावी. हे मला डिसेंबरमध्ये समजले. गोव्याहून इंग्लंडला गेल्यावर शरीराला साडेपाच तास मागे न्यायचे असते. गोव्यातील पहाटे साडेचारचा तळ तिथे रात्री अकराला येतो, म्हणून तिथल्या संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत पडलेला उजेड घड्याळाला हव्या त्याच दिशेने ढकलतो. पण डिसेंबरात तिकडे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. अंगण नाही, ऊन नाही, बाहेर काळोख आणि थंडी, आणि पाहुण्याचे डोळे आठलाच मिटू लागलेले. अशा वेळी मुलीच्या स्वयंपाकघरात पेटी मांडून मी भाजी चिरत, नातवाला गोष्ट सांगत, सहापासून दीड तास तिच्यासमोर बसले. इथे तीस सेंटीमीटरचे अंतर पाळणेही सोपे गेले, कारण हात कामात होते. पहिल्या रात्री मी साडेनऊपर्यंत जागी राहू शकले, तिसऱ्या रात्री साडेदहापर्यंत, आणि चौथ्या दिवशी पहाटे तीनला येणारी जाग साडेपाचवर गेली. पूर्वी हिवाळ्यात गेले की पहिला आठवडा मी संध्याकाळी सोफ्यावर पेंगत काढत असे आणि नातू मला हलवून उठवत असे. या वेळी त्याच्याशी खेळायला मी जागी होते, आणि माझ्या दृष्टीने पेटीची किंमत तिथेच वसूल झाली. एक मात्र कटाक्षाने पाळावे लागते: पहाटे तीनला जाग आली तर मोठा दिवा लावायचा नाही, फोनही उघडायचा नाही, कारण तळ ओलांडून गेलेला असल्यामुळे तेव्हाचा उजेड घड्याळाला पुन्हा गोव्याकडे खेचतो. पत्रकातील ‘उठल्याबरोबर’ इथेही चुकीचेच ठरते. प्लगचा प्रश्न साध्या अडॅप्टरने सुटला. पेटी दोन्हीकडच्या विजेवर चालते.

अमेरिकेहून येणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. माझे दीर मे महिन्यात न्यू जर्सीहून आले; फरक साडेनऊ तास. तिथल्या साडेचारचा तळ इथे दुपारी दोनला. पेटी तेव्हा घरात नव्हती आणि मेच्या उन्हात तिची गरजही नव्हती. मी त्यांना पहिले दोन दिवस सकाळभर घरात आणि दुपारी अडीच ते पाच बाहेर सावलीत बसवले, मग रोज तासाभराने ही वेळ अलीकडे आणत गेले. त्यांना सहसा दोन आठवडे लागतात. या वेळी नऊ दिवसांत ते ठरल्या वेळी झोपू लागले. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांच्या बाबतीत, जिथे फरक साडेबारा-साडेतेरा तासांचा असतो, घड्याळ पुढे ओढण्यापेक्षा मागे ढकलत आणणे बहुतेकांना सोपे जाते. त्यात पुढच्या दिवसांत उजेडाची वेळ सरकत सरकत सूर्यास्तानंतर जाते, म्हणून तिथे पेटी गोव्यातही उपयोगी पडेल. माझा स्वतःचा तसा अनुभव नाही. गोव्यात आणखी एक वेळ पेटीची आहे: आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखेच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे आपला सूर्य घड्याळापेक्षा साधारण अर्धा तास उशिरा चालतो, आणि जानेवारीत तो सातच्या सुमारास उगवतो. परतल्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी, तळ पहाटेकडे सरकला की सहाचा उजेड हवा असतो, आणि तेव्हा बाहेर अंधार असतो.

बोटीवर जाणाऱ्या शेजाऱ्यांकडून मी ऐकले आहे की जहाज पश्चिमेकडे चालले असेल तर रात्री अधूनमधून घड्याळ एक तास मागे घेतले जाते आणि कुणाला काही त्रास होत नाही. त्रास होतो तो विमानाने दूरच्या बंदरावर जाऊन दुसऱ्याच दिवशी कामावर उभे राहताना. शरीराला पेलेल इतकाच बदल रोज मिळाला की ते निमूटपणे जुळवून घेते, हे जुन्या तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवरच्या खलाशांच्या, पिढीने जेट लॅग हा शब्द न ऐकताही अनुभवलेले होते.

वेर्ण्याच्या एका कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या आमच्या ओळखीच्या मुलाने पेटी महिनाभर नेली होती. तो रात्री कामावर निघण्याआधी ती लावत असे आणि सकाळी घरी येताना काळा चष्मा घालत असे. सलग रात्रपाळीच्या दोन आठवड्यांत त्याची दिवसाची झोप चार तासांवरून साडेपाच तासांवर गेली. दर आठवड्याला पाळी बदलू लागल्यावर मात्र काही उपयोग झाला नाही, आणि तो पेटीचा दोष नाही. घड्याळ जेमतेम सरकते तोच त्याला पुन्हा परत बोलावले जाते.

घेण्यापूर्वी काही गोष्टींची काळजी घ्यावी. डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्यांनी, उजेडाने त्वचा किंवा डोळे जास्त संवेदनशील करणारी औषधे चालू असलेल्यांनी आणि मनाच्या टोकाच्या चढ-उतारांच्या आजारावर उपचार घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पेटी वापरू नये. प्रखर उजेड हेही एक प्रकारचे औषधच आहे. पत्रकात हा इशारा आहे, पण शेवटच्या पानावर. मेलॅटोनिनच्या गोळ्यांबद्दल मला नेहमी विचारले जाते. अंधार पडल्यावर मेंदूतील पिनियल ग्रंथी हे संप्रेरक सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळवते. जेट लॅगमध्ये गोळीचा उपयोग होतो, लहान मात्राही पुरते. पण चुकीच्या वेळी घेतली तर तीही उजेडाप्रमाणेच उलट्या दिशेला नेते, म्हणून मात्रा आणि वेळ दोन्ही डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. दुपारनंतरचा चहा-कॉफी मात्र डॉक्टरांना न विचारताही सोडता येतो. कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही शरीरात शिल्लक असतो.

एकंदरीत वस्तू म्हणून पेटीला मी पाचपैकी चार गुण देईन आणि पत्रकाला एकही नाही. जो वर्षातून एकदा फक्त मुंबई किंवा दुबईला जातो त्याला तिची गरज नाही. दुबईचा दीड तास दोन दिवसांत आपोआप भरून निघतो. गोव्यात राहून गोव्याला परतण्यासाठीच ती घेणार असाल, तर आधी एकदा अंगण वापरून पाहा.

फेब्रुवारीत परतताना मी पेटी स्विंडनलाच ठेवून आले, कारण तिचे खरे काम तिथे आहे. पुढच्या डिसेंबरात नणंदबाई तिकडे जाणार आहेत. पत्रक मी काढून टाकले आणि पेटीच्या पाठीवर एक कागद चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: गोव्याहून आल्यावर संध्याकाळी सहा ते साडेसात, हातभर अंतराच्या आत, पहाटे जाग आली तर लावू नये, परत जाताना बॅगेत काळा चष्मा ठेवावा, आणि गोव्यात पहिल्या दिवशी सकाळी दहापर्यंत तो डोळ्यांवर असावा.